वऱ्हाडच्या इतिहासाचे साधन म्हणून जुनी मुद्राचित्रे : संग्रह आणि मुद्रणतंत्र

प्रस्तावना

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात, महाविद्यालयाच्या स्मरणिकेत किंवा एखाद्या विभागाच्या भित्तिफलकावर जुने चित्र छापले जाते, तेव्हा त्याखाली बहुधा स्थळाचे नाव आणि 'एक जुने चित्र' एवढेच शब्द असतात. ते चित्र कोणी काढले, कोणी कोरले, तांब्यावर कोरले की लाकडावर, कोणत्या साली छापले आणि काढणाऱ्याने ते स्थळ प्रत्यक्ष पाहिले होते काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. लेखी साधनांच्या बाबतीत कोणताही अभ्यासक असे करीत नाही. मोडी कागद हाती आला की शिक्का, मिती, हस्ताक्षराचे वळण आणि कागदाची जात या साऱ्यांची तपासणी होते. अस्सल आणि नक्कल यांत भेद केला जातो. चित्राच्या वाट्याला मात्र ही शिस्त येत नाही. चित्र म्हणजे पुरावा नव्हे, सजावट, अशी जणू समजूत रूढ झाली आहे.

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या दृष्टीने ही उदासीनता अधिक महागात पडणारी आहे, कारण मुळात या प्रदेशाची जुनी छापील चित्रे थोडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी जे इंग्रज चित्रकार हिंदुस्थानात हिंडले, त्यांची वाट कलकत्ता, मद्रास, मुंबई, पुणे आणि गंगेचे खोरे यांतून जात असे. वऱ्हाड इ. स. १८५३ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता, तेथे गोऱ्या प्रवाशाला हौसेने जाण्याचे कारण नव्हते. त्यामुळे या प्रदेशाशी संबंधित जी मुद्राचित्रे आढळतात ती लढाई, मोजणी, लेणी आणि कापूस या चार निमित्तांनी निर्माण झालेली आहेत. अशा चित्रांच्या संग्रहाचा आणि ती ज्या तंत्राने छापली गेली त्या तंत्राच्या आकलनाचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

नावांचा गुंता

वऱ्हाडचा संग्राहक पहिल्यांदा फसतो तो नावात. परदेशी विक्रेत्यांच्या सूचींमध्ये 'अमरावती' या नावाखाली जी जुनी चित्रे दिसतात, त्यांतील बहुसंख्य अंबादेवीच्या अमरावतीची नसतात. ती आंध्र प्रदेशात कृष्णाकाठी असलेल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची असतात. कर्नल कॉलिन मॅकेन्झी यांनी १७९७ मध्ये त्या स्तूपाची प्रथम नोंद घेतली, पुढे त्यांच्या पथकाने तेथील शिल्पांची रेखाटने केली आणि जेम्स फर्ग्युसन यांनी वृक्षपूजा व नागपूजा यांवरील आपल्या १८६८ च्या ग्रंथात त्या शिल्पांना मोठे स्थान दिले. तेथील शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि चेन्नईच्या संग्रहालयात आहेत. त्या चित्रांचा वऱ्हाडशी काडीचाही संबंध नाही. तरीही स्थानिक कार्यक्रमपत्रिकेवर एखादे स्तूपशिल्प 'प्राचीन अमरावती' म्हणून अवतरणे अशक्य नाही.

वऱ्हाडातील अमरावती जुन्या इंग्रजी छापील साहित्यात निराळ्याच वेषात वावरते. 'ऊमरावटी' असे तिचे लेखन होत असे आणि पुढे, हंटर यांच्या गॅझेटियरबरोबर स्थलनामांच्या लेखनाची पद्धत बदलल्यावर, ती 'अमरावटी' झाली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस 'ऊमरा' या नावाने ओळखला जाई, तो याच उच्चारातून. अचलपूर 'एलिचपूर' म्हणून येते, गाविलगड 'गाविलघर' म्हणून आणि अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातले अडगाव 'आर्गाम' म्हणून. ही रूपे ठाऊक नसलेल्या शोधकाला सूचीतले चित्र समोर असूनही दिसत नाही. उलट, ठाऊक असतील तर केवळ लेखनावरून चित्राचा काळ स्थूलमानाने ठरवता येतो.

तांब्याचा पत्रा आणि १८०३ चे वर्ष

तांब्यावर कोरून छापण्याची रीत थोडक्यात अशी. घोटून आरशासारख्या केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर बारीक कोरणीने चित्र उलटे कोरतात. रेषा म्हणजे येथे खाच असते. पत्र्याला शाई फासून ती फडक्याने आणि अखेरीस तळहाताने पुसून काढतात, तेव्हा पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि शाई केवळ खाचांत उरते. त्यावर ओलसर कागद आणि लोकरीची घडी ठेवून दोन रुळांमधून प्रचंड दाबाने पत्रा ओढला जातो. ओला कागद खाचांत उतरतो आणि शाई उचलून घेतो. म्हणून अशा चित्रात शाई कागदाच्या वर किंचित उभी राहते, ती बोटाच्या टोकाला जाणवते. पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोनही कागदावर कायमचा उमटतो. संग्राहकाच्या दृष्टीने हा दबलेला चौकोन सर्वांत मोलाचा साक्षीदार होय. काही शे चांगल्या प्रती निघाल्या की तांबे झिजू लागते आणि रेषा फिकट पडतात. १८२० नंतर पोलादी पत्रे प्रचारात आल्यावर प्रतींची संख्या हजारांत गेली, पण रेषा अधिक बारीक, थंड आणि काहीशी निर्जीव झाली. एकच चित्र तांब्यावरचे आणि पोलादावरचे शेजारी ठेवले तर हा फरक भिंगाशिवायही डोळ्यांत भरतो.

हे तंत्र मराठी मुलखाला अगदीच परके नव्हते. नाना फडणवीसांच्या काळी पुण्यात भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापण्याचा उद्योग सुरू झाला. इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यांच्या सहवासातून तांबट कारागिराला ही विद्या अवगत झाली होती. नानांच्या पडत्या काळात ते काम अडले आणि मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापून तयार झाली. भांडी घडवणाऱ्या जातीतील कारागिराने देवनागरी अक्षरे तांब्यावर उलटी कोरली आणि ती कागदावर सुलटी उमटली, ही घटना महाराष्ट्राच्या मुद्रणेतिहासात जितकी सांगितली जाते त्याहून अधिक सांगितली जावयास हवी. मॅलेट यांच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढणारे गंगाराम हेही तांबटच होते.

याच मॅलेट यांच्या वर्तुळातले स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी वेरूळची रेखाटने केली आणि १७९५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यांनी लंडनमध्ये १८०३ मध्ये वेरूळची चोवीस दृश्ये प्रसिद्ध केली. ती ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत. या पद्धतीत पत्र्यावर राळेची बारीक पूड वितळवून चिकटवतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. पुडीच्या कणांभोवती आम्ल तांबे खाते, त्यामुळे रेषेऐवजी शाईच्या सौम्य छटा मिळतात. भिंगाखाली त्या छटा म्हणजे वाळलेल्या चिखलाच्या भेगांसारखी जाळी दिसते. डॅनियल यांनी वेरूळ स्वतः पाहिले नव्हते. मूळ रेखाटन एकाचे, पत्र्यावरील छाया दुसऱ्याची आणि पुष्कळदा हाताने भरलेला रंग तिसऱ्याच कोणाचा, अशी ती साखळी आहे. कोरीव खांबाच्या एखाद्या तपशिलावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी तो तपशील या तिघांपैकी कोणाचा, हे विचारणे भाग पडते.

डॅनियल यांची दृश्ये लंडनमध्ये निघाली ते १८०३ हेच वर्ष वऱ्हाडच्या इतिहासात रक्ताने लिहिले गेले आहे. २९ नोव्हेंबर रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबर रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन नागपूरकर भोसल्यांना वऱ्हाडवरचा हक्क सोडावा लागला. इंग्रजी ग्रंथांतून वऱ्हाडच्या गावांची नावे वारंवार येऊ लागली ती या युद्धामुळे. मेजर विल्यम थॉर्न यांचा या युद्धावरील ग्रंथ १८१८ मध्ये लंडनला निघाला. त्यात लष्करी हालचालींचे नकाशे आणि आराखडे आहेत. परंतु थॉर्न स्वतः उत्तरेत जनरल लेक यांच्या फौजेत होते. दख्खनची मोहीम त्यांनी इतरांच्या कागदांवरून उभी केली. पुढे वेलस्ली वेलिंग्टनचे ड्यूक झाले, वॉटर्लूचे विजेते झाले आणि त्यांच्या चरित्रांची इंग्लंडमध्ये रीघ लागली. त्या लोकप्रिय चरित्रांतील आणि युद्धकथांतील हिंदुस्थानी लढायांची चित्रे ही घटनेनंतर अनेक दशकांनी, लंडनच्या खोलीत बसून, कल्पनेने रचलेली असतात. शिडी लावून तटावर चढणारे लाल डगलेवाले शिपाई आणि त्यांच्यासमोर कोसळणारे फेटेवाले, हा साचा कोणत्याही किल्ल्याला चालत असे. ज्याने चिखलदऱ्याहून गाविलगडाची वाट एकदा तरी तुडवली आहे, त्याला सातपुड्याच्या त्या कड्यांचा मागमूसही नसलेले चित्र ओळखायला भिंग लागत नाही. तथापि असे चित्र टाकाऊ ठरत नाही. ते १८०३ च्या गाविलगडाचा पुरावा नसले तरी व्हिक्टोरियन इंग्लंडला आपला विजय कसा पाहावयाचा होता याचा उत्तम पुरावा असते.

नकाशातील दोन काळ

मुद्राचित्रांच्या संग्रहात नकाशांना दुय्यम मानण्याची प्रथा आहे, ती वऱ्हाडच्या बाबतीत सोडून द्यावी लागते. जेम्स रेनेल यांचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा तांब्यावर कोरलेला होता आणि त्यात बेरार ठळकपणे येते. त्याहून अधिक विचारप्रवर्तक साधन म्हणजे १८२७ पासून निघू लागलेला 'इंडियन ॲटलस'. एक इंचाला चार मैल या प्रमाणाचे त्याचे पत्रे आरंभी लंडनमध्ये कोरले गेले आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस हे कोरणीकाम कलकत्त्यास आणले गेले.

येथे मुद्रणतंत्र न समजल्यास इतिहासाची सरळसरळ चूक होते. तांब्याचा पत्रा दुरुस्त करता येतो. चुकलेली किंवा जुनी झालेली जागा खरवडून, पाठीमागून हलके ठोकून वर आणतात, पुन्हा घोटतात आणि तेथे नवे कोरतात. डोंगर, नद्या आणि गावे जुन्या मोजणीची, आणि त्यावर नंतर कोरलेला लोहमार्ग, असे एकाच पत्र्यावर दोन काळ नांदू शकतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके तेव्हा नकाशात शिरली. ज्या पत्र्यावर हा मार्ग आहे त्यावरील खेड्यांची मोजणीही त्याच सालची असे मानून एखादे गाव 'रेल्वे आल्यावरही अस्तित्वात होते' किंवा 'तोवर वसलेलेच नव्हते' असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. पत्र्याच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत दिलेली सुधारणेची वर्षे वाचावी लागतात, आणि नव्या रेषेची धार जुन्या झिजलेल्या रेषांपेक्षा तीक्ष्ण दिसते काय हेही पाहावे लागते. चौकटीत बसवताना हीच खालची कड कापून टाकणारे अनेक जण आहेत. नकाशाची जन्मतारीख कापली जाते आणि भिंतीवर शोभा उरते!

अजिंठा : पाच हातांतून आलेली चित्रे

अजिंठ्याची लेणी आजच्या प्रशासकीय नकाशात वऱ्हाडच्या सीमेबाहेर, बुलढाणा जिल्ह्याला लागून आहेत. परंतु त्यांचा सर्वांत वैभवशाली काळ वऱ्हाडाशी जोडलेला आहे. सोळाव्या क्रमांकाचे लेणे वराहदेवाने कोरविले. तो वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव होता, आणि हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा, म्हणजेच वाशीमचा. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. म्हणून अजिंठ्याच्या प्रतिमा छापून जगभर कशा पोहोचल्या हा प्रश्न वऱ्हाडच्या अभ्यासकाला परका नाही. मुद्रणतंत्राच्या आकलनावाचून संग्रह किती आंधळा राहतो, हेही या उदाहरणाइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्यामुळे ही लेणी युरोपीयांना ज्ञात झाली. फर्ग्युसन यांनी १८३९ च्या सुमारास ती पाहिली आणि १८४५ मध्ये कोरीव लेण्यांवरील त्यांचा चित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. दृश्याची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी भासून तिच्यावरून रेषा ओढता येईल अशा कॅमेरा ल्युसिडा या उपकरणाच्या साहाय्याने त्यांनी रेखाटने केली होती. ती दगडावर उतरवली टी. सी. डिबडिन यांनी. हा शिळाछाप होय. ॲलॉइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बव्हेरियात शोधून काढलेले हे तंत्र तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या गोष्टीवर उभे आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात आणि दगड ओला करतात. तेलकट शाई खडूच्या जागीच चिकटते, ओल्या जागी नाही. येथे काहीच कोरले जात नसल्याने कागदावर खाच नाही, उंचवटा नाही. भिंगाखाली केवळ खडूचा रवाळ पोत दिसतो. मराठी वाचकाला हा पोत अपरिचित नाही. शिळाछापाच्या आडव्या पोथ्या वऱ्हाडातील कित्येक देवघरांत आजही आहेत. त्यांतील अक्षर खिळ्यांचे नसून लेखकाच्या हाताचे वळण जसेच्या तसे असते, ते याच कारणाने.

रेखाटन यंत्राच्या आधाराने झाले असल्यामुळे फर्ग्युसन यांच्या चित्रांतील वास्तूची प्रमाणे विश्वसनीय वाटतात. झाडे, ढग आणि सावल्या मात्र डिबडिन यांच्या खडूतून आलेल्या, इंग्लंडातील निसर्गचित्रांच्या वळणाच्या आहेत. एकाच कागदावर विश्वासाच्या दोन पातळ्या आहेत, त्या वेगळ्या करणे हेच येथे साधनचिकित्सेचे काम.

फर्ग्युसन यांच्याच आग्रहातून भित्तिचित्रांच्या नकला करण्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची त्या कामावर नेमणूक झाली. वाघूरच्या खोऱ्यातील उकाडा, आजारपण आणि वन्य श्वापदांचे भय सोसत गिल यांनी वर्षानुवर्षे मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना दाखवण्यात आल्या आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. एका माणसाच्या आयुष्याची कमाई एका रात्रीत गेली. दरम्यान मूळ भित्तिचित्रेही वटवाघळे, ओल आणि हौशी प्रवाशांचे हात यांमुळे खराब होत होती. काहींनी तर रंगाचे पोपडेच उचलून नेले.

मग त्या नकलांचे काय उरले? आगीच्या दहा वर्षे आधी, १८५६ मध्ये, श्रीमती स्पीअर यांचा प्राचीन भारतातील जीवनावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यासाठी जॉर्ज शार्फ यांनी गिल यांच्या कॅनव्हासवरून चित्रे काढली होती आणि ती लाकडी ठशांवर छापली गेली होती. हे शार्फ म्हणजे पुढे लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची धुरा वाहणारे गृहस्थ. मोठ्या भिंतीवरून कॅनव्हासवर, कॅनव्हासवरून तळहाताएवढ्या ठशावर असा प्रवास करून आलेली ही काळीपांढरी चित्रे, जळून गेलेल्या काही नकलांची आज शिल्लक असलेली छाया आहेत.

लाकडी ठशाचे तंत्र तांब्याच्या नेमके उलट. टॉमस ब्यूइक यांनी १७९० च्या सुमारास इंग्लंडात ते पूर्णत्वास नेले. बॉक्सवूड नावाच्या अत्यंत कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर, म्हणजे खोडाच्या वर्तुळाच्या बाजूने, चित्र काढतात आणि जी जागा पांढरी हवी ती कोरून काढतात. उरलेल्या उंच भागाला शाई लागते. ठसा खिळ्यांच्या उंचीचा असल्यामुळे मजकुराबरोबर एकाच दाबात छापता येतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील सचित्र पुस्तके आणि साप्ताहिके स्वस्त झाली. पत्र्याची दबलेली चौकट येथे नसते. उलट कागदाच्या पाठीवर बारीक उठाव जाणवतो आणि रेषेच्या कडेला शाईची दाट किनार दिसते. चित्रकार ठशावर रेखाटन करी आणि कोरक्या ते कापी, अशी त्या धंद्यातील सर्वसाधारण विभागणी होती.

या माहितीच्या प्रकाशात शार्फ यांच्या चित्रांकडे पाहिले म्हणजे त्यांच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये हे कळते. आकृत्यांची मांडणी, बसण्याउठण्याची ढब, हातांच्या मुद्रा, वस्त्रांची आणि अलंकारांची बाह्यरेषा हे ठसा बऱ्यापैकी जपतो. रंग तर गेलाच, परंतु अजिंठ्याच्या चित्रकाराने डोळ्याखाली आणि नाकाच्या कडेला दिलेली छायाही समांतर रेघोट्यांत बदलून गेली. चेहरे किंचित युरोपीय दिसतात, ते कोरक्याच्या हाताच्या सवयीमुळे. भित्तिचित्रकार, गिल, शार्फ, ठशाचा कोरक्या आणि छापणारा असे पाच हात मधे आहेत. तरीही ज्या नकलेचे मूळ जळाले आणि त्याच्याही मुळाचे रंग उडाले, तेथे हा काळपट कागद निरुपाय म्हणून नव्हे, तर एक दुर्मीळ दुवा म्हणून स्वीकारावा लागतो.

गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्यासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची मंदिरेही त्यांनी टिपली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नव्याने नकला करविल्या. दुर्दैव असे की १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांतीलही पुष्कळ नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६ पासून प्रसिद्ध झाला, त्यातील रंगीत चित्रे अनेक दगडांवरून एकेक रंग चढवून छापलेली आहेत. दोन आगींनंतर वाचला तो छापील कागद. मूळ एकच असते म्हणून ते जळते. मुद्राचित्र शेकडो ठिकाणी विखुरलेले असते म्हणून टिकते. प्रतिकृती म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांनी या दोन आगी ध्यानात ठेवाव्यात.

साप्ताहिकांतील कापूस

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडची काळी माती लंडनच्या वृत्तपत्रांत पोहोचली. १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' सारख्या सचित्र साप्ताहिकांना हिंदुस्थानी कापूस हा विषय मिळाला. मात्र साप्ताहिकांचे कलावंत जेथे सहज पोहोचत तेथे, म्हणजे मुंबईच्या बंदरात, गाठी आणि गाड्या यांच्या रूपाने तो मुख्यत्वे दिसतो. त्याला पिकवणारा, वेचणारा आणि बैलगाडीने घाट उतरवणारा माणूस चौकटीच्या बाहेरच राहतो.

या साप्ताहिकांतील मोठ्या चित्रांकडे बारकाईने पाहिले असता मधूनच सरळ, केसाएवढी पांढरी रेघ जाताना दिसते. तो छपाईचा दोष नव्हे. बॉक्सवूडचे झाड लहान खोडाचे, त्यामुळे मोठा ठसा अनेक तुकडे जोडून करावा लागे. घाई असली की तुकडे सुटे करून निरनिराळ्या कोरक्यांना वाटले जात आणि रातोरात कापून झाल्यावर ते पुन्हा स्क्रूंनी जोडले जात. ती पांढरी रेघ म्हणजे जोड. एका तुकड्यावरचे आकाश आणि शेजारच्या तुकड्यावरचे आकाश यांच्या रेघोट्या जुळत नाहीत, कारण हात वेगळे आहेत. बातमी शिळी होऊ नये म्हणून जागलेल्या त्या अनामिक कोरक्यांची ही एकमेव सही होय. १८८० नंतर छायाचित्र जाळीतून बारीक ठिपक्यांत मोडून छापण्याची हाफटोन पद्धत आली आणि शतक सरेपर्यंत त्यांचा धंदाच संपला.

संग्रहातील काही प्रश्न

भिंगाखाली नियमित ओळींतले ठिपके दिसले तर ते चित्र तांब्यावरचे किंवा लाकडावरचे जुने मुद्राचित्र नाही, त्याचे यांत्रिक पुनर्मुद्रण आहे, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. मुंबईच्या चोरबाजारात आणि आता संगणकाच्या पडद्यावर चहाच्या पाण्याने पिवळे केलेले कागद 'अस्सल' म्हणून विकले जातात. अस्सल कागद कडेकडून पिवळा होतो, चहात बुडवलेला सर्वत्र सारखा. कागद उजेडासमोर धरला असता पाणचिन्ह आणि कधी कधी सालही दिसते. अर्थात कागदाचे साल म्हणजे छपाईचे साल नव्हे, ती केवळ पूर्वमर्यादा.

रंगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. साप्ताहिकांतील लाकडी ठशांची चित्रे प्रायः काळ्या शाईतच निघत. बाजारात ती लाल पागोट्यांनी आणि निळ्या आकाशांनी सजून येतात, ते रंग विक्रीसाठी नंतर भरलेले असतात. अशा चित्रावरून वऱ्हाडी पागोट्याच्या रंगाचे अनुमान करणे हास्यास्पद ठरेल. याहून गंभीर गोष्ट म्हणजे ग्रंथ फोडण्याची. संपूर्ण ग्रंथापेक्षा त्यातील चित्रे सुटी विकली तर पैसा अधिक मिळतो. विकत घेणारा संग्राहक त्या ग्रंथाच्या मृत्यूला हातभार लावतो, हे मान्य केलेच पाहिजे. आधीच फुटलेल्या ग्रंथांची पाने वाचवणे आणि नवे ग्रंथ फोडण्यास गिऱ्हाईक होणे यांतील सीमारेषा पुसट आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी तरी जुने सचित्र ग्रंथ 'जीर्ण' म्हणून रद्दीत काढण्यापूर्वी इतिहास विभागाला दाखवावेत.

वऱ्हाडचे हवामान या कागदांचे वैरी आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, कागद कडक होतो. जुलैत तोच कागद ओल पिऊन फुगतो आणि त्यावर तपकिरी ठिपके उमटतात. कसर आणि वाळवी आहेतच. प्लॅस्टिकचे आवरण उष्णतेने चिकटवणे आणि फाटक्या जागी चिकटपट्टी लावणे हे दोन उपाय सर्रास योजले जातात, आणि दोन्ही अपायकारक आहेत: चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग सोडतो, तर प्लॅस्टिक पुन्हा सोडवता येत नाही. आम्लविरहित कागदाचे साधे पाकीट, सपाट पेटी आणि भिंतीपासून दूर असलेले लोखंडी कपाट एवढ्यावर भागते. चौकटीत लावायचेच असेल तर पाठ चिकटवू नये. लाकडी ठशाच्या चित्रामागे बहुधा मजकूर छापलेला असतो. त्या चार ओळींवरून ग्रंथ, आवृत्ती आणि साल शोधता येते. मागे मजकूर नसेल तर चित्र कोठून, केव्हा आणि केवढ्याला मिळाले ही नोंद मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने करावी. शाईने नव्हे, आणि ग्रंथालयाचा गोल शिक्का तर चित्रावर मुळीच नव्हे.